गाडी नसलेली जाहिरात

१

शेषराव सांगत नाही म्हणाला होता. एकदा नाही, तीनदा म्हणाला. पण नात त्याचीच, ती थोडीच ऐकते. तिनं गॅरेजमधल्या जुन्या जीपच्या जाहिराती फोनवर चढवल्या आणि आता जगातले रिकामटेकडे लोक विचारत बसलेत, की चौथ्या जाहिरातीत जीप कुठं आहे? घाट आहे, रस्ता आहे, मैलाचा दगड आहे, खाली कंपनीचं ठळक वाक्य आहे: 'जिथं रस्ता संपतो, तिथून पुढं.' फक्त जी विकायची ती गाडीच नाही. मग कंपनी विकत काय होती, दगड?

"तुम्हीच सांगा आता," निशिगंधा म्हणाली. "मी सांगतलं तर लोकं म्हणतील, पोरीनं फोनात पुसून टाकली."

"म्हणू दे. मले काय करायचं त्याचं?"

"आजोबा."

झालं. ती असं नुसतं 'आजोबा' म्हणून गप्प बसली की शेषरावाचा नाइलाज होतो. तर सांगायचं ते एकदाच, आणि मधे कोणी शहाणपणा करायचा नाही. चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही म्हणून शेषरावाला दिसत नाही किंवा आठवत नाही असं नाही. उलट सगळं भांडण आठवण्यावरूनच आहे.

२

देऊळघाटच्या फाट्याजवळ त्याचं गॅरेज आहे. विटांच्या तीन भिंती, वर पत्रे, पुढं शटर. सकाळी सातला शटर उघडायचं, उदबत्ती लावायची, मग धुतलेल्या फडक्यानं भिंतीवरच्या चार काचा पुसायच्या. पन्नास वर्षांत हा क्रम बदलला नाही.

पूर्वी कंपनीचा माणूस वर्षातून एकदा यायचा, चहा प्यायचा आणि एक जाहिरात ठेवून जायचा. पहिल्या जाहिरातीत जीप नांगर ओढते. नांगरामागच्या माणसाचे कपडे पांढरेफेक आहेत, म्हणजे चित्र काढणाऱ्यानं जन्मात नांगर धरलेला नाही. दुसरीत जीपच्या पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो. तिसरीत वरात आहे, एका जीपमध्ये नवरा-नवरी धरून अकरा जण. हे मात्र खरं काढलंय.

चौथी घाटाची. जीप डावीकडून उजवीकडं घाट उतरते आहे. चालवणारा आपल्या बाजूला बसला आहे, दाराबाहेर कोपर काढून, पण तोंड दरीकडं. डोक्यावर साहेबी टोपी. पुढं मैलाचा दगड आणि दगडाच्या पुढं वळण. बंपर आणि दगड यांच्यात आगपेटीच्या एका काडीएवढं अंतर. शेषरावानं ते काडी लावून मोजलं होतं, कारण खुर्शीदशी पैज लागली होती.

खुर्शीद म्हणजे त्याचा भागीदार. गॅरेज दोघांनी मिळून काढलं. खुर्शीदच्या उजव्या कानाची पाळी नव्हती, चालू इंजिनात वाकून बघताना पंख्यानं उडवली होती. जेवायला बसलं की तो चौथ्या जाहिरातीकडं बोट दाखवून म्हणायचा, "ही गाडी ठोकते बघ." शेषराव म्हणायचा, "निघून जाते." आठ वर्षं हीच पैज. चित्रातली गाडी हलणार थोडीच, म्हणून कोणी हरलं नाही.

दोघांचा एक नियम होता. ब्रेकचं काम अर्धवट असेल तर स्टेरिंगला लाल फडकं बांधायचं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. फडकं असेल तर गाडीला हात लावायचा नाही, मग मालक कलेक्टर असो.

अडतीस वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी शेषरावानं एका जीपचे ब्रेक उघडले, फडकं बांधलं आणि सामान आणायला बुलढाण्याला गेला. इकडं गॅरेजात त्या जीपचा ड्रायव्हर गोकुळ गाडी धूत बसला होता. दुपारी खुर्शीदनं पाहिलं, तर फडकं नाही. म्हणजे शेषरावानं काम उरकलं. मालकाला गाडी पोहोचवायला तो राजूर घाटात उतरला आणि तिसऱ्या वळणावर गाडी वळली नाही.

गोकुळनं चार लोकांसमोर सांगितलं, "फडकं नव्हतंच. मी सकाळपासून गाडीपाशी होतो."

तेव्हापासून शेषराव गावाच्या लेखी विसराळू. मीठ विसरला तरी लोक एकमेकांकडं बघतात. आणि खरं सांगायचं तर चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर माणूस स्वतःही स्वतःला विचारतो: बांधलं होतं ना बे आपण?

३

या वर्षी घट बसले त्या दिवशी शेषराव नेहमीसारखा सातला आला. कुलूप काढलं आणि हात तसाच राहिला.

शटरच्या आतून आवाज येत होता. टिक. मग थोडं थांबून, टिक. हा आवाज त्याला झोपेतही कळला असता. लांबून आलेली गाडी बंद केली की तापलेलं लोखंड निवताना असं बोलतं.

आत एकच गाडी होती, निशिगंधाची. पोरगी पॉलिटेक्निक शिकली आणि नोकरी सोडून आजाच्या गॅरेजात आली. सव्वा वर्ष खपून तिनं एक सडलेली जीप उभी केली होती. पण त्या दिवशी तिची बॅटरी काढून घरी चार्जिंगला लावलेली होती.

शेषरावानं शटर वर केलं. आवाज थांबला. बोनटवर हात ठेवला, थंडगार. सायलेन्सर थंड. मग पत्रा तडतडला असेल, असं म्हणून त्यानं उदबत्ती लावली आणि काचा पुसायला घेतल्या. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला हात लावला आणि फडकं खाली पडलं.

काच गरम होती. उन्हात उभ्या केलेल्या टाकीसारखी. गॅरेजचं तोंड पश्चिमेला, तिथं सकाळी ऊन येत नाही.

त्यानं चष्मा वर केला, खाली केला. जीपचा बंपर दगडापाशी आला होता. काडीभर अंतर गेलं होतं.

४

"निशा, इकडं ये. ही गाडी पुढं गेली."

तिनं जवळ जाऊन बघितलं. "अशीच तर हाय."

"दगडाच्या मागं होती. काडीभर."

"आजोबा, थांबा." तिनं महिन्यापूर्वी काढलेला फोटो फोनवर दाखवला. फोटोतही बंपर दगडापाशीच. "बघा. फोन खोटं कायले बोलन?"

शेषराव फडकं उचलून पुढच्या कामाला लागला. दुपारपर्यंत ही गोष्ट घरी पोचली. सून राखी जेवण वाढताना हळू आवाजात पोरीला म्हणाली, "मामाजीले एकदा डॉक्टरकडं दाखवून आण. तुझा बाप ट्रकवर, तू गॅरेजात. याहिले काही झालं तर आपल्याले समजणार नाई."

"मी बहिरा नाई," शेषराव म्हणाला. "आणि भाजीत मीठ हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं बोटावर ग्रीस घेतलं आणि काचेवर बंपरच्या जागी एक बारीक रेघ मारली. आता बघू, फोन खरा की ग्रीस.

तिसऱ्या माळेला दगड जीपच्या पुढच्या चाकापाशी होता आणि रेघ मागं राहिली होती. पाचव्या माळेला दगड दारापाशी. निशिगंधाला दाखवलं तर ती म्हणाली, "रेघच चुकीची मारली असन तुम्ही." फोनवरचा फोटो भिंतीवरच्या चित्राबरोबर चालत होता. ज्याला जुनं आठवतंय असा या जगात एकटा शेषराव, आणि त्याच्या आठवणीवर कोणाचा भरवसा नाही. डोकं फिरायला लागलं तर असंच फिरत असेल, असं त्याला वाटलं. मग तो स्वतःला जीपच्या साऱ्या नटांची मापं विचारायचा. सगळी बरोबर यायची. यानं जास्तच भीती वाटायची.

टिकटिक रोज सकाळी होती. आठव्या माळेला तिच्यासोबत वासही होता, जळक्या ब्रेकचा. बंद गॅरेजात, उभ्या गाडीपाशी.

त्यानं चित्राकडं पाहिलं. चालवणाऱ्याच्या डोक्यावरची टोपी नव्हती. मान थोडी फिरली होती, तोंड दिसेल एवढी नाही, कान दिसेल एवढी. उजवा कान. पाळी नव्हती.

शेषरावानं चौकट उतरवली आणि भिंतीकडं तोंड करून ठेवून दिली. ओढाताणीत खिळाही निघून आला. "आता काय घ्यायला आला बे?" तो म्हणाला. बोलला आणि स्वतःचाच आवाज ऐकून बाहेर जाऊन उभा राहिला.

५

त्याच दिवशी दुपारी निशिगंधानं जीपचे मागचे ब्रेक उघडले. पाइपच्या तोंडाशी तेल अडवणारं तांब्याचं वायसर, चपटी चकती, घासलं होतं. तिनं नट तात्पुरता आवळला, स्टेरिंगला लाल फडकं बांधलं आणि वायसर आणायला बुलढाण्याला गेली. दुकान बंद. दुसऱ्या दिवशीही बंद.

आता शेषरावाची एक खोड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोरीनं केलेलं काम तो तिच्या पाठीमागं उघडून पुन्हा करायचा. नट पाव फेरा जास्त आवळायचा, वायर दुसरीकडून वळवायचा. तिला सांगायचा नाही. तिला कळायचं, तीही बोलायची नाही. डब्यात त्याच्याकडं जुनी वायसरं होती हेही तिला माहीत होतं.

दसऱ्याच्या सकाळी शेषराव अंघोळ करून गॅरेजात आला तेव्हा जीप चकचकीत धुतलेली होती. बोनटवर स्वस्तिक, स्टेरिंगला झेंडूचं तोरण. लाल फडकं नव्हतं. पोरीनं वायसर मिळवलं म्हणायचं, असं तो मनात म्हणाला.

निशिगंधा साडी नेसून आली. तिनंही बघितलं. फडकं नाही. आजोबांनी नेहमीसारखं गुपचूप उरकलं, असं तीही मनात म्हणाली. बोललं कोणीच नाही. एका घरातली दोन माणसं, दोघंही घुमी.

पूजा झाली. जीपची, पान्यांची, जॅकची. दुपारी मायलेकी नव्या गाडीतून सीमा ओलांडायला राजूर घाट उतरून मोताळ्याला जाणार होत्या, राखीच्या माहेरी. बॅटरी बसवली, नारळ फुटला, निशिगंधा गाडीत चढली.

शेषराव आत राहिला. हत्यारांना फुलं वाहिली तशी जाहिरातींनाही वाहायची, ही त्याची जुनी रीत. तिन्हींना वाहिली. चौथी भिंतीकडं तोंड करून उभी होती. सणाच्या दिवशी एकाला उपाशी कसं ठेवायचं? खुर्शीदच्या घरून ईदचा डबा कधी चुकला नव्हता.

त्यानं चौकट फिरवली.

जीप चित्राच्या पार कडेला गेली होती. बंपर चौकटीत मावत नव्हता, वळण संपलं होतं, पुढं नुसती दरीची निळाई. चालवणाऱ्यानं बाहेरचा हात आत घेतला होता आणि स्टेरिंगवर काहीतरी धरून ठेवलं होतं, कोणाला दाखवावं तसं.

लाल फडकं होतं.

बाहेर निशिगंधाची जीप सुरू झाली.

६

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस धावला म्हणणं बरोबर नाही. पण तो रस्त्यावर गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला एवढं खरं. निशिगंधानं करकचून ब्रेक मारला. जीप त्याच्या धोतराच्या निऱ्यांपाशी थांबली.

"आजोबा, मराचं हाय काय?"

"उतर."

"काऊन?"

"ब्रेक नाई गाडीले."

"आत्ता तुमच्यापुढं थांबली ना गाडी." तिनं पेडल दाबून दाखवलं. "लागून राह्यला ब्रेक. बघा."

समोरच्या हॉटेलवरची माणसं उठून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, "भाऊले आठवलं काहीतरी," आणि बाकीचे हसले. गोकुळही तिथंच होता, कचोरीची बशी घेऊन. तो मात्र हसला नाही.

राखी गाडीतून म्हणाली, "मामाजी, सणाचा दिवस हाय. जाऊ द्या आम्हाले."

शेषरावाला क्षणभर वाटलं, सरकावं बाजूला. पेडल घट्ट आहे, गाडी थांबते आहे, सगळ्यांना दिसतंय. त्यानं काय पाहिलं, तर भिंतीवरचा कागद. पण सरकलो आणि पुन्हा एकदा मीच बरोबर निघालो तर? बरोबर निघण्याचा त्याला आयुष्यात काही उपयोग झाला नव्हता.

"वीस वेळा दाब," तो म्हणाला. "घाटात उतरून राह्यली असं समज. वीस झाले की मी बाजूले होतो. मग खुशाल मले येड्याच्या दवाखान्यात टाका."

तिनं सुस्कारा सोडला आणि दाबायला लागली. तो मोजत होता. पाच. सहा. सात. पेडल घट्ट. दहा. हॉटेलवरचे लोक परत खाली बसले. बारा. निशिगंधाचा पाय थोडा जास्त खाली गेला. तिनं खाली बघितलं. तेरा. चौदा. सतराव्याला पेडल फळीला टेकलं आणि वर आलं नाही.

मागच्या चाकाखाली रस्त्यावर ब्रेक ऑइलचा डाग पसरत होता, भाकरीएवढा.

"वायसर..." निशिगंधा म्हणाली. "तुम्ही टाकलं नाई?"

"मी हात नाई लावला. मले वाटलं तूनं टाकलं."

"मग फडकं कोनं सोडलं?"

दोघांनी एकदमच राखीकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी काढलं," ती म्हणाली. "गाडी धुताना. पूजेच्या गाडीवर तसं तेलकट चिंधूक कसं ठेवायचं मामाजी? फेकलं आणि तोरण बांधलं. मले काय माहीत..."

शेषराव तिला रागावला नाही. रागवायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं. तो हळूहळू हॉटेलकडं वळला. दसऱ्याचा दिवस. गाडी धुणारा माणूस. तेलकट चिंधूक. अडतीस वर्षं तो विचार करत होता की फडकं गेलं कुठं, आणि ते असं गेलं होतं.

गोकुळची बशी टेबलावर होती. गोकुळ नव्हता.

७

निशिगंधा गॅरेजात आधी गेली. शेषराव मागून आला तेव्हा ती चौथ्या जाहिरातीसमोर उभी होती.

चित्रात गाडी नव्हती. रस्ता होता, थोडी धूळ होती, बसत चाललेली. मैलाचा दगड होता आणि दगडावर कोणीतरी लाल फडकं नीट घडी करून ठेवलं होतं, काम संपलं की ठेवतात तसं.

तिनं फोन काढला, फोटो उघडला, बघितला. त्याला दाखवला नाही. खाली स्टुलावर बसली.

"आजोबा, तुम्ही खरंच काडी लावली होती?"

"हाव."

"एक काडी?"

"एक."

तिनं काच हातानं चाचपली. थंड होती. शेषराव जवळच्या टायरवर टेकला आणि त्याला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाटलं की गॅरेजात काही कमी नाही.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन तो खुर्शीदच्या घरी, शकीलाभाभीकडं गेला. खुर्शीद गेल्यापासून एकही दसरा चुकलेला नाही. भाभींनी त्याला कधी दोष दिला नाही, पण त्यानंही त्यांना कधी त्या दिवसाबद्दल विचारलं नाही. आज सगळं सांगितलं. फडकं, पेडल, कान, सगळं. भाभी ऐकत होत्या. हातातलं पान त्यांनी दोनदा उलटं-सुलटं केलं.

"वळणाच्या पुढं गेले ना?" त्यांनी विचारलं.

"गेला. दगडाला न लागता."

"मग उतरले घाट." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि हसल्या. "पैज तुम्ही जिंकलात, भाऊ. चहा ठेवते."

८

आता गॅरेजात दसऱ्याला लाल फडकं धुऊन, वाळवून त्याचीही पूजा करायची असं ठरलं आहे. ते राखीनं ठरवलं. गाडीला फडकं असलं तर तोरण त्याच्या वरून बांधायचं. आणि शेषराव पोरीच्या कामाला हात लावत नाही. हात शिवशिवतात, पण लावत नाही. काही बोलायचं असलं तर तोंडानं बोलतो, आणि ते तिला जास्त झोंबतं, पण घरात निदान आवाज असतो. त्यानंतरच्या रविवारी मायलेकी घाट उतरून आल्या. शेषराव मागच्या सीटवर होता. तिसऱ्या वळणावर त्यानं डोळे मिटले नाहीत.

सकाळी शटरमागं टिकटिक होत नाही. कधीकधी तो कुलूप काढून थोडा थांबतो, ऐकतो. मग उघडतो.

चौथी जाहिरात भिंतीवर आहे. ज्यांना विकत पाहिजे त्यांनी फोन करू नये. जीप कुठं गेली हे विचारत होतात, तर सांगितलं.

एक राहिलं. त्या दसऱ्याला अंधार पडायच्या आत तो ड्रायव्हर आला होता, पान घेऊन. "सोनं घ्या, शेषरावभाऊ." शेषरावानं घेतलं आणि म्हणाला, "माझ्या सुनेनं आज फडकं काढलं. धुताना. मिनिटात कबूल केलं तिनं." तो पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिला. एकदा त्यानं तोंड उघडलं. मग म्हणाला, "लई दिवस झाले आता भाऊ. कोनाले काय आठवते," आणि गेला.

शेषरावाला आठवतं. ते पान त्यानं वायसरांच्या डब्यात ठेवलं आहे, वाळून तांब्याच्या रंगाचं झालंय. त्या ड्रायव्हरनं कधीही यावं: शटर सातला उघडतं, चहा मिळतो, आणि शब्द एकच बोलायचा आहे, 'काढलं'. निशिगंधाला त्यानं सांगितलं, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल, नाव तेवढं पूर्ण लिही: गोकुळ किसन तायडे.